बहिगाच्या मेंदूत दोष आढळला नाही

मी कबर बोलतेय. दचकू नका. टांटा गावच्या सरकारी इस्पितळाच्या तळघरात ज्याला म्हणून माझ्या पोटात सरकवलं, त्यानं मला हेच नाव ठेवलं. खरं तर मी मेंदूची चित्रं काढणारं यंत्र. पोटात चुंबक, आणि आवाज असा की तांबट आळी लाजेल.

मला जहाजानं आणलं, भिंत फोडून आत घेतलं. उद्घाटनाला आलेल्या एका साहेबाचं घड्याळ माझ्यापाशी येताच बंद पडलं, तर तो माझ्यावरच डाफरला. घड्याळं, लोखंड बाहेर ठेवा, अशी दारावर हातभर पाटी होती, ती वाचायला काय झालं होतं? माणसं वाचत नाहीत. वाचली तरी हवं तेवढंच वाचतात.

बरीच वर्षं मी गाठी पाहिल्या, फुटलेल्या रक्तवाहिन्या पाहिल्या. मग डॉक्टर गलाल आले. त्यांना गाठ नको होती, वस्वास हवा होता. वस्वास म्हणजे मनाला कुरतडणारी कुजबुज. हात धुतले, पण खरंच धुतले का? असे चाळीस जण आणि चाळीस धडधाकट, प्रत्येकानं माझ्या पोटात निपचित पडायचं. मेंदूचे कोणते भाग एकाच तालावर रक्त ओढतात ते मी टिपायचं. ताल जुळला, म्हणजे ते भाग आपसात बोलतात.

सतरावी आली बहिगा. हात कोपरापर्यंत सोललेले. नमाजाआधी वजू, म्हणजे हात-तोंड-पाय धुणं, एकदा करायची, ही तेरा वेळा करी, आणि तेवढ्यात नमाजाची वेळ टळून जाई. सोबत नवरा शहाता, भाजलेल्या हरभऱ्यांचा दुकानदार.

माझी चालक इन्साफ त्यांच्याच गल्लीतली, तोंडाची फटकळ. "अंगावर लोखंड?"

"नाही."

"मग आत पिन टोचलेला तो ताईत काय हवा खातोय? काढ."

"सासूबाईंनी बजावलंय, काढायचा नाही."

"मग सासूबाईंनाच घालू आत. बघू चुंबक कोणाला ओढतो."

बहिगा हसली. गादी दिसताच ते हसू विरलं. "इथं माझ्याआधी कोण झोपलं होतं?"

इन्साफनं चादर बदलली. तिनं पुन्हा विचारलं, हिनं पुन्हा बदलली. तिसऱ्यांदा मात्र इन्साफ म्हणाली, "माझ्या चादरी संपल्या गं पोरी, तुझी शंका संपेना. ये आता."

शहाता दारातून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, यंत्रात आजार दिसला तर मी स्वतः हिला गोळ्या आणून देईन. नाही दिसला, तर ही सोंगं आहेत. मग ही बापाच्या घरी जाईल, मुलगी माझ्याकडे राहील. पाच वर्षांच्या पोरीचे हात घासून लाल केलेत हिनं."

"बघू, बघू," डॉक्टर म्हणाले. एकट्या माणसाचा वस्वास माझ्या चित्रात बोट ठेवून दाखवता येत नाही, ऐंशी जणांचे आकडे एकत्र केले तर फरक उमटतो, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर सतरावी हातची गेली असती ना!

ती आठ मिनिटं हलली नाही. कपाळामागचा एक भाग आणि मेंदूच्या गाभ्यातला दुसरा एकमेकांना सोडेनात. धुतलेस? धुतले. नक्की? मला तर तसंच ऐकू आलं. पण माझं एकटीचं ऐकणं म्हणजे पुरावा नव्हे, हे मलाही कबूल आहे.

इथल्या रिवाजाप्रमाणे एका दुसऱ्याच डॉक्टरनं गाठबीठ तपासून कागद दिला. शेवटची ओळ: 'मेंदू सामान्य. दोष आढळला नाही.'

आमच्या टांटात असलं पाकीट डॉक्टरआधी नातेवाइकांकडे जातं. चहाच्या पेल्यांबरोबर ते शहाताच्या माडीवरच्या बैठकीत फिरलं. शहाताच्या मामानं फिल्म उन्हात उलटी धरली. "मेंदू तर लख्ख आहे की! तोही धुऊन ठेवलाय पोरीनं!" सगळे खदखदले.

"डॉक्टर म्हणाले होते, आजार आहे," बहिगा पुटपुटली.

"डॉक्टर माणूस आहे. यंत्र खोटं बोलत नाही," शहाता म्हणाला.

गल्लीत हसणं ऐकून शेजारून इन्साफ तरातरा माडीवर गेली. "अरे, गाठ नाही एवढंच लिहिलंय त्यात! पायाच्या फोटोत दातदुखी दिसते का?"

"बटणं दाबायचं काम तुझं, बाई. तेवढंच कर."

हे सगळं तिनं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, बटणं दाबता दाबता. बहिगा बापाकडे गेली. मुलगी राहिली.

दोन वर्षांनी डॉक्टरांचा निबंध छापून आला. फरक सापडला होता. तळघरात बसबूसा, म्हणजे पाकातल्या रव्याच्या वड्या, वाटल्या. इन्साफनं हात लावला नाही. "सतरा नंबरला कळवलंत का?"

"नावं गुप्त ठेवावी लागतात, इन्साफबाई."

आता माझं चुंबक गार ठेवणारं हेलियम उडून गेलंय, मी बंद पडलेय. लवकरच मला कापून नेतील, त्यासाठी पुन्हा तीच भिंत फोडतील. नवी येईल तिच्या दारावर एवढं लिहा: इथं दिसलं नाही ते दुखणं खोटं नसतं. वाचणार कोण म्हणा.

परवा शहाता आला. आठ वर्षांच्या लेकीला दंडाला धरून. तिचे हात कोपरापर्यंत सोललेले.

"यंत्र चालू आहे का?" त्यानं विचारलं.

"बंद आहे," इन्साफ म्हणाली. "तुझे डोळे चालू आहेत ना? बघ तिच्या हातांकडे."

तो माझ्याकडेच बघत राहिला.