काळ्या शेळीचा पाठ

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. हल्ली टेकवून ठेवलं तरी कलंडते, म्हणून आडवी पडूनच बोलते, रागावू नका.

अद्रारच्या वाळवंटातल्या एका बाभळीच्या पोटातून मी निघाले. सुताराने तासलं, वर धरायला मूठ कोरली आणि मला देद्दाबाईंच्या तंबूत, त्यांच्या शाळेत आणून टेकवलं. कोळशाची पूड, डिंक आणि पाणी, ही आमची शाई. लेखणी बोरूची. बाई सांगतील तो पाठ माझ्यावर उतरायचा. तो तोंडी आला की मला धुवायचं आणि ते काळं पाणी पिऊन टाकायचं. किती पोरांची विद्या माझ्या अंगावरून थेट त्यांच्या पोटात गेली, काय सांगू!

पाठ म्हणताना पाटी बाईंच्या हाती द्यायची, समोर बसायचं आणि शेवटी सांगायचं, ‘हा मला अमक्याने दिला, त्याला तमक्याने दिला.’ बाईंची नजर मंद झाली होती. कान मात्र असे, की वाळूतून विंचू गेला तरी विचारतील, "कोण रे तो?"

माझी मालकीण सालका. तिने तान धरली की उंट चरायचे थांबत. पाठांतर मात्र असं, की सकाळी आलेलं दुपारच्या उन्हात वाळून जाई.

त्या वर्षी खजुराची तोडणी आली. सगळी वस्ती खजुरीच्या बनाकडे निघाली. बाईंचा नियम होता, पाठ झाला नाही त्याने उंटावर चढायचं नाही. सालका वर्षभर त्या मऊ, मधाळ खजुरांच्या नावाने आवंढे गिळत होती. आणि बाईंनी पाठ सांगितला त्या दिवशी ती दोन ओळींनंतर डुलक्या घेत होती!

मग तिने युक्ती काढली. चुलतभाऊ इसलमू याची पाटी आणली आणि त्याचा पाठ माझ्या पाठीवर उतरवला. हो, पाठीवर! बाई मला मांडीवर उभी धरणार, तोंड त्यांच्याकडे, पाठ सालकाकडे. मला इतकी लाज वाटली की आणखी एक चीर जायची तेवढी राहिली.

आता इसलमूचा एक गुण ऐका. बाईंच्या तोंडून जे पडेल ते तो लिही. आणि बाई पाठ सांगत चहा करता करता, शेळीला हाकता हाकता.

उंट लादले होते. सालका समोर बसली आणि गोड गळ्याने गाऊ लागली,

"पाणी असावे निर्मळ, रंग त्याचा न पालटो,
वास त्याचा न पालटो, चव त्याची न पालटो,
काळी शेळी हाकला रे, साखर सारी खाल्ली गं,
मेलीला त्या बांधा आधी, चहात दाढी बुडाली गं!"

सुरात, मान डोलवत, एक मात्रा न चुकता! उंटवाला हसता हसता खोगिरावरून घसरला.

बाई गंभीर. "वा! या ओळी मी कधी ऐकल्या नव्हत्या. कुणाच्या गं?"

"जुन्या... फार जुन्या विद्वानाच्या, बाई."

"अहो बाई, त्या तर तुमच्याच!" इसलमू ओरडला. "तुम्ही सांगितलं, मी लिहिलं!"

बाईंनी मला फिरवलं, नाक टेकेपर्यंत जवळ नेलं. मला वाटलं, आता काठी. पण त्या म्हणाल्या, "पाठ म्हटलास, आता परंपरा सांग. कुणाकडून आला?"

सालकाचे कान लाल झाले. "मी इसलमूकडून घेतला... इसलमूने बाईंकडून..."

"आणि बाईंनी?"

"काळ्या शेळीकडून."

"आता कसं खरं बोललीस! मग पोरी, तूच सांग. पाठ झाला की नाही?"

उंट उठायला लागले होते. सालकाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नाही झाला, बाई. दोनच ओळी येतात."

"चला, दोन तरी तुझ्या आहेत," बाई म्हणाल्या आणि चहाची किटली परत निखाऱ्यावर ठेवली. "मीही थांबते. शेवटचं पोर मागे ठेवून मला खजूर गोड लागत नाही."

उंट गेले. सालका रडत रडत शिकली, मग रडायचं विसरून शिकली. पाठ झाला तेव्हा माझं तोंड धुतलेलं पाणी ती घटाघटा प्यायली. पाठीचं पाणी शेळीपुढे ठेवलं. साखर, चहा, चटई, काही न सोडणाऱ्या त्या शेळीने ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. मग मीठ घेऊन जाणाऱ्या तांड्याबरोबर आम्ही मागे राहिलेले निघालो. पोचलो तेव्हा उरलेले खजूर थोडेच होते, पण सालका म्हणाली, असे गोड कधी लागले नव्हते.

मित्रांनो, आज माझी मूठ तुटली आहे. माझ्यावर चहाचे पेले ठेवतात. ठेवू देत. त्या तंबूत आता सालकाबाई शिकवतात आणि पाठ ऐकण्याआधी प्रत्येक पाटीच्या पाठीवरून हळूच हात फिरवतात. तुमच्याही पाटीची पाठ कोरी राहू द्या. दुसऱ्याचं घेतलंत तर देणाऱ्याचं नाव घ्या, मग ती शेळी का असेना.