भोपळ्याला पैकीच्या पैकी

गणिताच्या मास्तरांनी ती उत्तरपत्रिका तिसऱ्यांदा तपासली आणि तिसऱ्यांदाही ती बरोबरच निघाली. याचा आनंद व्हायचा, तर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ही पोरगी वर्षभर भोपळे आणत होती, इतके की वर्गात तिचं नावच भोपळा पडलं होतं. आणि आता एकदम पैकीच्या पैकी? वर समासभर पाकळ्या काढलेल्या. त्या पाकळ्यांचं वळण मास्तरांच्या चांगलंच ओळखीचं होतं. त्यांची बायको त्याच शाळेत चित्रकला शिकवायची.

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. प्रश्नपत्रिका घरच्या कपाटात होती, वरच्या कप्प्यात. खालच्या कप्प्यात बायकोचे रंग. नवराबायकोत कसलं आलंय कुलूप, म्हणून कपाट सदा उघडंच. आणि बायकोचा या पोरीवर भारी जीव. तिनेच पेपर दाखवला असणार. हेडमास्तरांच्या कानावर गेलं तर पोरीचं वर्ष जाईल आणि बायकोची नोकरी. पण आधी पुरावा हवा. शेवटी मास्तर गणिताचे.

त्याच संध्याकाळी त्यांनी कपाटाला कुलूप ठोकलं.

"झुरळं झालीत," ते म्हणाले.

"बरं," बायको म्हणाली आणि भांडी पुसत राहिली.

एरवी झुरळ म्हटलं की ही घर डोक्यावर घ्यायची. आज नुसतं बरं? मास्तरांचा संशय आणखी पक्का झाला. आठवडाभर ते तिच्यावर डोळा ठेवून होते आणि किल्ली उशाखाली घेऊन झोपत होते.

मग त्यांनी भोपळ्याला रिकाम्या वर्गात एकटीला बसवलं आणि तिथल्या तिथे गणित घातलं. सहा, बारा, अठरा, असा सहाचा पाढा साठपर्यंत; सगळ्याची बेरीज.

पोरीनं आकडे मांडलेच नाहीत. खिशातून कोळशाचा तुकडा काढून तिने एक षटकोनी घर काढलं, त्याला चिकटून सहा घरं, त्यांच्याभोवती बारा.

"हे काय चाललंय?"

"मधमाश्यांचं पोळं, सर. शाळेमागच्या झाडावर आहे ना, तसं. बाईंनी दाखवलं." तिने मधलं घर सोडून पोळ्याच्या सहा पाकळ्या पाडल्या. "आता एकच पाकळी मोजायची. एक घर, मग दोन, मग तीन, असं दहापर्यंत. शेजारी तशीच उलटी पाकळी ठेवली की अकराच्या दहा ओळी होतात. त्याचे निम्मे पंचावन्न. अशा सहा पाकळ्या. तीनशे तीस."

उत्तर तीनशे तीसच होतं. मास्तरांना अगदी मनापासून हायसं वाटलं. संशय त्यांच्या मनातच होता, मनातच मिटला. कुणाला कळलंही नाही. त्या भरात ते चक्क हसले.

"हात केवढे काळे केलेस. तुमच्या बाईंकडे रंग नाहीत का?"

"आहेत, पण आठवडा झाला, ते घरी कपाटात अडकलेत."

"मग किल्ली मागायची की."

"मी म्हटलं तसं. बाई म्हणाल्या, मागायची नाही."

मास्तरांचं हसू गेलं. घरी पोहोचताच त्यांनी कुलूप काढलं.

"झुरळं नव्हती," ते खालमानेनं म्हणाले.

"माहीत होतं मला."

तिने खालचा कप्पा रिकामा केला, रंग आणि ब्रश एकेक करून पिशवीत भरले.

"हे आता शाळेतच राहू देत," ती म्हणाली.