दीड तास शिल्लक

हँगरमध्ये विमानं चार होती, इंजिनं तीन आणि उडू शकणारं विमान एक. पहिल्याचे भाग काढून दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला, असं करत करत त्या वैमानिक शाळेचा सगळा जीव चौथ्यात येऊन राहिला होता. भिंतीवरच्या फळ्यावर चौथ्यासमोर आकडा होता २.७. एवढे तास उडालं की इंजिन पूर्ण उघडायला पाठवायचं. पाठवलं तर परत आणायची ऐपत नाही, हे मालक सांगून मोकळे झाले होते.

फळा तासबाईंचा. कोणतं विमान किती उडालं ते मोजायचं आणि त्यावरून तपासणीची तारीख ठरवायची, हेच त्यांचं काम. चाकं जमीन सोडतात तिथपासून परत टेकतात तिथपर्यंतचाच वेळ धरायचा. सहा मिनिटं म्हणजे एक दशांश तास.

हिशेब जमला होता. चष्मेवाल्या विद्यार्थ्याचा सराव एक तास. मग उरलेल्या १.७ मधून बाईंच्या मुलीचं शेवटचं एकटीचं लांबचं उड्डाण, १.६. तेवढं झालं की लायसन्स. महिनाअखेरीला तिच्या लेखी परीक्षांची मुदत संपत होती. मग सगळे पेपर पुन्हा. दुसऱ्या शाळेत वर्षभराची रांग होती.

चष्मेवाला घामाघूम होऊन उतरला.

"मॅडम, वारा आडवा होता. दोनदा उतरता उतरता परत वर घ्यावं लागलं."

"बरं केलंस," मेकॅनिक म्हणाला. "नाहीतर इंजिनाच्या ऐवजी तुलाच उघडून बसावं लागलं असतं."

कुणी हसलं नाही. बाईंनी वेळ पाहिली. १.२. फळ्यावर लिहिलं: शिल्लक १.५.

मुलगी नकाशा घडी करून काखेत धरून उभी होती. तिनं आकडा वाचला आणि आईकडे पाहिलं.

"त्याला आधी पाठवायची काय घाई होती?"

"नंबर त्याचा होता."

उड्डाण शिकवणारे कॅप्टन जवळ आले. "बाई, एक दशांशाचा प्रश्न आहे. त्याचे १.१ लिहा. मी सही करतो."

"आज तुमच्यासाठी एक दशांश खाल्ला, तर उद्या मालकांसाठी दोन खाईन. मग हा फळा बघून विमानात कोण बसेल?"

"उद्या उडायला राहिलंय काय इथे?"

 बाईंनी खडू डबीत ठेवला.

"आई, वर मी असणार आहे ना? मला चालतंय."

"मला नाही चालत."

 मुलगी हळूच म्हणाली, "दुसऱ्या कुणाची मुलगी असती तरी तू हेच केलं असतंस. माहितीये मला. त्याचाच तर राग येतो."

महिना संपला. शाळेच्या फाटकावर 'विकणे आहे'ची पाटी लागली. गिऱ्हाईक येईपर्यंत इंजिन गंजू नये म्हणून मेकॅनिक आठवड्यातून एकदा ते जागेवरच चालवायचा. एका दुपारी मुलगी आईचा विसरलेला डबा घेऊन आली.

"बसतेस का?" त्यानं विचारलं. "फक्त ब्रेक दाबून ठेव. नाहीतर बाई मला फळ्यावर टांगतील."

ती बसली. पट्टा बांधला, कानाला हेडफोन लावले. तपासणीची यादी पहिल्यापासून, एकही ओळ न गाळता, मोठ्यानं म्हटली. इंजिन सुरू झालं. मागचं गवत आडवं झालं. तिची नजर धावपट्टीच्या टोकाला लागली होती. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या; डबा तसाच हातात होता.

इंजिन थांबल्यावर मुलगी खाली उतरली.

"वीस मिनिटं," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली, आत गेल्या आणि फळ्यावर लिहिलं.

उड्डाण ०.०. शिल्लक १.५.