ठिपक्यांचं फूल

माझ्या मेहुण्याला आजवर कुणी फसवू शकलेलं नाही, असं तो स्वतः सांगतो. माझी धाकटी बहीण त्यावर काही बोलत नाही, कारण त्याच्याशी लग्न तिने केलंय.

हा मेहुणा वजनमापं तपासणारा इन्स्पेक्टर होता. तो बाजारात शिरला की दुकानदार वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे हात मागे बांधून उभे राहायचे, आणि हा त्यांच्या तराजूतलं वजन नुसतं तळहातावर घेऊन, डोळे मिटून, "घासलंय" म्हणायचा. आणि ते घासलेलंच निघायचं. अशा माणसाने रिटायर झाल्यावर घरी बसून बायकोने भाजीत घातलेलं मीठ तोलावं की नाही? त्याने कॅमेरा घेतला. तोही साधासुधा नव्हे, पुढे दुधी भोपळ्याएवढी लेन्स असलेला. माणसांचे फोटो तो काढत नाही. माणसं हलतात आणि खोटं हसतात, असं त्याचं म्हणणं. त्याला फुलं लागतात, नांगरलेली रानं लागतात, पिकातून वाकडीतिकडी जाणारी पायवाट लागते, आणि पायवाटेवर कुणी येत असेल तर तो निघून जाईपर्यंत हा बगळ्यासारखा एका जागी उभा राहतो.

दर रविवारी माझं छत्री दुरुस्तीचं दुकान बंद असतं. बहिणीने मला त्याच्या मागे लावून दिलं, कारण हा डोळा कॅमेऱ्याला लावून मागे मागे सरकत जातो आणि शेतात विहिरी असतात. माझ्याकडे काम दोन. एक म्हणजे विहीर आली की ओरडायचं, आणि दुसरं म्हणजे थर्माकोलचा पांढरा पत्रा तिरका धरून फुलावर उजेड पाडायचा. फुलाच्या तोंडावर उजेड पडला की मेहुणा जमिनीवर पालथा पडतो, खिशातून पाण्याची फवाऱ्याची बाटली काढतो आणि फुलावर दंव पाडतो. दुपारी बारालासुद्धा दंव. दुकानदारांच्या वजनातला गुंजभर फरक न खपवणारा हा माणूस, पण बाटलीतलं दंव त्याला चालतं! मी एकदा म्हटलंसुद्धा, "मेहुणे, हे घासलेलं वजनच की." तर म्हणाला, "दादा, पत्रा हलवू नका."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला आणखी एकदा न फसवता मी मेलो असतो तर वर गेल्यावर काय तोंड दाखवलं असतं?

दुकानात एक लहान मुलीची छत्री पडून होती. दुरुस्तीला टाकली आणि न्यायला कुणी आलंच नाही. जांभळं कापड, त्यावर पांढरे ठिपके. त्यातली एक पाख, म्हणजे दोन काड्यांमधलं तिकोनी कापड, कापून मी पाच पाकळ्या बेतल्या, कडा मेणबत्तीवर धरून जरा मुरडल्या, देठाला काडीची तार घेऊन त्यावर वायरमनची हिरवी पट्टी गुंडाळली. केसर कसलं करावं यावर मात्र दोन दिवस डोकं खाजवलं. मग दात घासायच्या जुन्या ब्रशाचे केस कातरून चहात बुडवून ठेवले. असे सुंदर पिवळट झाले की मलाच हुंगावंसं वाटलं. रविवारी मेहुणा जवसाच्या निळ्या शेतात पालथा पडलेला असताना मी चार पावलं मागे गेलो, बांधावरच्या गवतात तार खोचली, आणि परत येऊन साळसूदपणे पत्रा धरला.

परतताना त्याला ते दिसलं. मेहुणा थांबला. चष्मा काढला, पुसला, घातला. मग आवाज अगदी खाली आणून, झोपलेल्या पोराजवळ बोलावं तसं म्हणाला, "दादा, हलू नका."

मी कसला हलतोय! हसू दाबताना माझ्या बरगड्या एकमेकींवर आपटत होत्या. तो पालथा पडला, डाव्या कुशीवर झाला, उजव्या कुशीवर झाला. बाटली काढून दंव पाडलं, आणि छत्रीच्या कापडावर पाणी जसं थांबतं तसं जगातल्या कुठल्याच फुलावर थांबत नाही. टपोरे, गोल, मोत्यासारखे थेंब. मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी पत्र्याच्या मागे तोंड लपवून त्याची कड दातांत धरली होती. त्या पत्र्यावर माझ्या दातांचे वळ अजून आहेत.

संध्याकाळी त्याने टीव्हीवर फोटो लावले. फुलांच्या जाडजूड पुस्तकात ते फूल कुठे सापडलं नाही म्हणून तो हरखून गेला होता. चौथ्या की पाचव्या फोटोत फुलावर मधमाशी बसलेली होती. मला आधी गुदगुल्याच झाल्या. इन्स्पेक्टर तर फसलाच, मधमाशीसुद्धा फसली! मग मेहुण्याने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि कौतुकाने म्हणाला, "पाय बघा तिचे." मधमाशीच्या मागच्या दोन्ही पायांना पराग लागला होता. पिवळ्या गोळ्या, छान भरलेल्या.

ब्रशाच्या केसांना पराग? दुसरीकडून आणला असेल तिने, असं मी मनाला सांगितलं आणि चहा मागितला.

गोष्ट इथे संपायची, पण मेहुण्याने तो फोटो फोटोवाल्यांच्या मंडळाच्या प्रदर्शनात दिला. दाराएवढा मोठा करून लावणार होते. वर हा माइकवर बोलणार होता, विषय 'एक अनोळखी फूल'. आमंत्रणं कुणाला? आख्ख्या बाजाराला. ज्यांची ज्यांची वजनं याने जप्त केली होती, ते सगळे दुकानदार बायकापोरांसह येणार होते, आणि अशा ठिकाणी ते फुलं बघायला येत नाहीत.

बहिणीने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"दादा, ते फूल तुझं ना?"

"कशावरून?"

"फोटो बघताना तू हसत नव्हतास. तू हसत नसलास की काहीतरी असतं."

मी कबूल केलं. ती चिडेल असं वाटलं होतं, पण ती ओट्याला टेकून हळू आवाजात बोलायला लागली, आणि ते चिडण्यापेक्षा वाईट होतं. "रिटायर झाल्यावरचं पहिलं वर्ष तू बघितलं नाहीस. खिडकीत बसून रस्त्यावरच्या भाजीवाल्याचा तराजू बघत राहायचे दिवसभर. या कॅमेऱ्यामुळे तो माणूस सकाळी उठून दाढी करतो, दादा. त्या दुकानदारांसमोर त्यांचं हसं झालं ना, तर पुन्हा खिडकीत जाऊन बसतील, आणि मग उठायचे नाहीत. प्रदर्शनाच्या आधी तू त्यांना खरं सांगायचं. त्यांना पटेल असं सांगायचं."

मी त्याच संध्याकाळी सांगितलं.

"मेहुणे, ते फूल मी केलंय. छत्रीच्या कापडाचं."

"हो का?" तो लेन्स पुसत होता.

"केसर म्हणजे ब्रशाचे केस. चहात बुडवलेले."

"आणि मधमाशी?"

"मधमाशी माझी नाही."

त्याने लेन्स खाली ठेवली. "दादा, आमच्या लग्नात तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत की नवरीला उजव्या कानाने ऐकू येत नाही. मी कित्येक महिने हिच्या डाव्या बाजूला बसून ओरडत होतो."

"मला वाटायचं माणूसच ओरडका आहे," बहीण आतून म्हणाली.

"तेव्हा तुम्ही फूल केलं म्हणालात, म्हणजे तुम्ही ते नक्की केलेलं नाही," मेहुणा म्हणाला, आणि पुन्हा लेन्स पुसायला लागला. जन्मभर थापा मारल्या, त्या सगळ्या खपल्या. आणि आयुष्यातली पहिली खरी गोष्ट सांगितली तर ती कुणी घेईना.

मग उपाय एकच. फूलच उपटून त्याच्या हातावर ठेवायचं. हातावर घेतलं की त्याला कळणारच. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी एकटा त्या बांधावर गेलो. फूल होतं. पण कोमेजलं होतं. पाकळ्या तपकिरी होऊन आत वळल्या होत्या, आणि छत्रीचं कापड उन्हात विटतं हे मला ठाऊक आहे, फाटतंही, पण कोमेजलेलं मी कधी बघितलं नव्हतं. पाकळ्यांच्या खाली बोंड धरलं होतं. शेजारी दोन नवी फुलं उमलली होती, आणि पलीकडे गवतात आणखी जांभळं काहीतरी दिसत होतं. मी देठ धरून ओढला. येईना. बोटांनी माती उकरली तर खाली मूळ. पांढरं, ओलं, फाटे फुटलेलं.

"काय काका, काय हरवलंय?" शेतकरी जवसातून वाट काढत येत होता.

"हे फूल इथे कुणी लावलं?"

"लावतंय कोण! दरवर्षी येतंय. उपटून उपटून आमचे हात दुखले."

"दरवर्षी?"

"माझ्या बापाच्या वेळेपासून. गुरंसुद्धा खात नाहीत. चघळत बसतात आणि टाकून देतात."

आणि मी तिथेच बांधावर बसून खो खो हसायला लागलो. सगळा उलगडा झाला! मेहुण्याने मला ओळखलं होतं. माझं फूल काढून त्याने तिथे खरं रोप आणून लावलं होतं, शेतकऱ्याला पढवून ठेवलं होतं, आणि इतके दिवस तोंडाची सुरकुती न हलवता तो मला खेळवत होता. इतक्या वर्षांनी मेहुण्याला मस्करी जमली! मला इतका आनंद झाला की घरी जाऊन मी त्याला मिठीच मारली. "मानलं तुम्हाला, मेहुणे. गुरू निघालात!"

तो माझ्या मिठीत काठीसारखा उभा राहिला आणि बहिणीकडे बघून म्हणाला, "यांना बरं नाही का?"

मी त्याचा चेहरा नीट बघितला. चेहरे बघण्यात माझा जन्म गेलाय. थाप मारणाऱ्याचा चेहरा कसा असतो ते मला आरशातून ठाऊक आहे. या चेहऱ्यावर तसलं काहीही नव्हतं.

त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी उठून छत्रीची आणखी एक पाख कापली आणि हुबेहूब तसंच दुसरं फूल केलं. तीच तार, तीच पट्टी, तोच चहा. मेहुण्याने ते तळहातावर घेतलं, डोळे मिटले, आणि लगेच परत दिलं. "हे कापड आहे. वीण हाताला लागतेय. मेहनत चांगली घेतलीत, पण ते फूल वेगळं, हे वेगळं, आंधळ्यालाही कळेल." आणि खोटं कशाला बोलू, कळत होतं. मी केलेलं फूल मी केल्यासारखंच दिसत होतं. पहिलं तसं का दिसलं नाही, हे मलाही सांगता आलं नसतं.

बहीण मात्र माझ्या दुकानात आली. ती दोन पाखा कापलेली छत्री तिने उलटीपालटी करून बघितली, घडी केली आणि पिशवीत टाकली. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मेहुण्याला बोंडांचे फोटो हवे होते, तेव्हा ती म्हणाली, "मीपण येते."

आता बांध जांभळा झाला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फुलंच फुलं, वाऱ्यावर डोलत होती, मधमाश्यांची नुसती घूं घूं चालली होती. मेहुणा "अहाहा" करत पालथा पडला. उद्या त्या दुकानदारांपैकी कुणी इथे येऊन पाहिलं असतं तरी मेहुण्याचं हसं व्हायची भीती उरली नव्हती. जीव भांड्यात पडायला हवा होता माझा.

चढ होता म्हणून बहिणीने माझा हात धरला होता. तिने दुसऱ्या हाताने पिशवीतून छत्री काढली आणि एका फुलाशेजारी धरली. ठिपका ठिपक्याला जुळत होता. एका पाकळीवर, कडेला, अर्धाच ठिपका होता, मी जिथे कात्री चालवली होती तिथे. पुढच्या फुलावर तसाच. त्याच्या पुढच्यावरही.

तिने छत्री पिशवीत ठेवली. मग मान वर करून ती बघत राहिली. निळं शेत, शेताच्या टोकाला वाकून काहीतरी उपटणारा शेतकरी, पलीकडची झाडांची रांग, आणि आमच्यासमोर गवतात पालथा पडलेला तिचा नवरा.

"तू केलंस यावर माझा विश्वास आहे, दादा," ती म्हणाली. "आता खरं सांग. यातलं आणखी काय काय तू केलंयस?"

"फक्त ते एकच," मी म्हणालो, आणि ते मलाच थापेसारखं ऐकू आलं.

माझा हात तिच्या हातात होताच. गिऱ्हाईक दुकानात कापड बघतं तशी तिने माझ्या मनगटावरची कातडी चिमटीत धरली आणि हलकेच चोळून पाहिली. मग पुन्हा एकदा, जरा जास्त वेळ. मग मनगट सोडून ती नवऱ्याकडे गेली, आणि घरी येईपर्यंत त्याच्या पलीकडच्या बाजूने चालली. तिला काय कळलं ते तिने अजून सांगितलेलं नाही, आणि मीही स्वतः चोळून बघितलेलं नाही.