सांदातची आई

राजवाड्याचा दूत गावात मला शोधत आला आणि शोधून परतही गेला. मी तेव्हा ओढ्यावर सूत धूत बसले होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी हसत हसत सांगितलं. "कुणी जावा बेटाकडचा होता मेला. तोंड वर करून विचारतो, 'आजी, केमुनिंग कुठे राहते?' म्हटलं, या गावात केमुनिंग-बिमुनिंग कुणी नाही बाबा. पोर झालेल्या बाईचं जुनं नाव घेतो, लाज नाही!"

"आई, अहो, केमुनिंग मीच ना!"

"होतीस. आता तू मेन सांदात. सांदातची आई."

खरंच होतं ते. आमच्या बालीत पहिलं मूल झालं की घरच्यांची नावं मिटतात. सांदात जन्मली, तसा नवरा सांदातचा बाप झाला आणि सासूबाई सांदातची आजी. एवढ्याशा पोरीनं घरातली सगळी नावं खाऊन टाकली! पण लग्नाआधी मी विणलेलं लाल कापड मीठवाल्या बायकांच्या डोक्यावरून बाजारोबाजार फिरलं होतं, आणि त्याच्याबरोबर माझं नावही. नाव कसं चालतं कोण जाणे. मी कधी डोंगर ओलांडला नाही, आणि ते थेट राजधानीत जाऊन बसलं.

"काय हवं होतं त्याला?"

"देवळाच्या उत्सवाला कापड. विणणारणीचं नाव म्हणे भाट सगळ्यांपुढे गाणार. आता देईल ते काम पलीकडच्या गावात कुणाला तरी."

मी सांदातला कडेवर घेतलं आणि धावत सुटले.

"अगं, पोरीला पाडशील!" सासूबाई मागून ओरडल्या.

तो नदीवर सापडला, नावेची वाट बघत उभा.

"मीच केमुनिंग," मी धापा टाकत म्हटलं. किती दिवसांनी ते नाव तोंडात आलं! लहानपणीच्या बांगडीसारखं, आता हातात न चढणारं.

"कशावरून? गावात तर नाही म्हणाले."

मी मोकळा हात पुढे केला. सूत रंगवायच्या आल झाडाच्या मुळांचा लाल रंग कोपरापर्यंत मुरलेला. त्यानं नखं निरखून पाहिली.

"बरं. मग भाटाला केमुनिंगच सांगतो. उत्सवाआधी कापड न्यायला येईन."

मी हो म्हणणारच होते. कुणाला नको असतं? पण मग वाटलं, ते गाणं ऐकून उद्या कुणी दाराशी आलं, तर गाव त्यालाही असंच परत पाठवणार.

"नको. मेन सांदात सांगा."

"पण हे तर या चिमुरडीचं नाव! हिनं काय केलंय?"

"काल सुताची अख्खी लडी चघळून ठेवलीय."

तो मोठ्यानं हसला. नाव काठाला लागली. विसरू नये म्हणून तो "मेन सांदात, मेन सांदात" असं घोकतच चढला, आणि दर वेळी माझी पोर मान वळवून बघत राहिली, आपल्याला कोण हाका मारतंय ते.