कापल की कावाल्लो

फेस्टीच्या घोडीने एर्सिलियाच्या दुकानाच्या दारातच लीद टाकली आणि भांडणाला तोंड फुटलं. एर्सिलिया मासे आणि बटाट्याचे काप तळून विकायची. आयर्लंडमधल्या कॉनेमाराच्या त्या किनाऱ्यावर तीस वर्षं काढली, नवऱ्यालाही तिथंच पुरलं, पण शिव्या अजून इटालियनच द्यायची.

"तुझा हा कावाल्लो आवर," ती म्हणाली.

"कापल म्हण," फेस्टी म्हणाला. "घोड्याचा मूळ शब्द आमचा आयरिश, तुम्ही इटालियन लोकांनी तो ढापलात."

"आम्ही? तुम्ही चिखलात लोळत होतात, तेव्हा आमचे राजे घोड्यांवर पुतळे होऊन बसले होते."

पैज लागली. हरणाऱ्याने आठवडाभर फेस्टीचा तबेला साफ करायचा. निवाडा निवृत्त शाळामास्तर कोलमनकडे गेला. मास्तरांनी दोन दिवस कोश चाळले आणि शुक्रवारी दुकानात मासा खाता खाता निकाल दिला.

"दोघांचाही शब्द लॅटिनचा. तोही शिपायांच्या तोंडचा. अर्थ, मरतुकडं तट्टू. लॅटिनने कुठून उचलला यावर पंडितांचं एकमत नाही. काही म्हणतात, फ्रान्सातल्या जुन्या गॉल लोकांकडून."

"ते आम्हा आयरिशांचेच भाऊबंद," फेस्टी म्हणाला.

"चुलत-चुलत. तेवढ्यावर वाटणी मागता येत नाही. हरलात दोघंही."

"पण मास्तर, ही तर घोडी," एर्सिलिया म्हणाली. "आमच्यात कावाल्लोची कावाल्ला होते. तुमच्यात?"

"कापल पुल्लिंगीच राहतो," मास्तर म्हणाले.

"आमच्यात मुलगी हा शब्दसुद्धा पुल्लिंगी आहे," फेस्टीने ऐटीत सांगितलं.

"म्हणूनच तुला साठीपर्यंत एकही सापडली नाही."

मास्तरांना ठसका लागला. फेस्टी मात्र उठून बाहेर घोडीकडे गेला. त्याने जन्मात एकीलाच लग्नाचं विचारलं होतं. ती बॉस्टनला निघून गेली.

सोमवारी दोघं फावडी घेऊन तबेल्यात उतरली. एर्सिलियाने नवऱ्याचे बूट चढवले होते. फेस्टी तिच्याकडे पाठ करून लीद उपसत राहिला.

"लागलं का रे माझं बोलणं?"

"छे," तो म्हणाला. मग म्हणाला, "थोडंसं."

तिने माफी मागितली नाही. लिदीची जड हातगाडी त्याच्या हातून घेतली आणि स्वतः ढकलत नेली. दुसऱ्या दिवसापासून ती तळलेले मासे बांधून आणू लागली. पालथ्या बादल्यांवर बसून दोघं खायची आणि मास्तरांची टिंगल करायची. गुरुवारीच तबेला लख्ख झाला, तरी शनिवारपर्यंत काम चाललंच.

"रविवारी घोड्यांच्या जत्रेला येतेस?" फेस्टीने घोडीकडे बघत विचारलं.

"येते. पण डोक्यावरून कंगवा फिरवून ये. घोडीच्या नव्हे, तुझ्या."