डालग्याखालच्या दोन वाट्या

गोठ्यातल्या गाईचे दूध कोणी प्यायले, हे मी पाहिलेले नाही. मी प्यायलेले नाही, एवढेच खात्रीने सांगते. मी धामण आहे. वैजापूरजवळच्या एका कांदाचाळीत, उंदरांच्या मागावर राहते. अंड्यातून बाहेर आले तेव्हा आई जवळ नव्हती. त्यामुळे घराण्याविषयी मला माहिती नाही.

शरीराविषयी मात्र आहे. माझे दात आत वळलेले आहेत, धरलेला उंदीर सुटू नये म्हणून. मऊ ओठ नाहीत, गाल नाहीत. चोखणे मला जमणारच नाही. तरीही धामण गाईच्या पायांना विळखा घालून सड चोखते, असे या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आठ दिवस सकाळचे दूध निम्म्यावर आले होते आणि मालकीण द्वारकाबाईंना मी गोठ्याच्या दाराशी दिसले. शेजारच्या कडुबांना एवढा पुरावा पुरला.

ते काठी घेऊन आले. काठी उतरण्याआधीच कोंबड्यांचे डालगे माझ्यावर पालथे पडले. ते टाकले द्वारकाबाईंच्या मुलीने, तनुजाने. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात ती प्राणिशास्त्र शिकते. सुट्टीत घरी आली होती.

मला बाहेरचे कान नाहीत. पावलांची थरथर जमिनीतून जबड्याच्या हाडात येते. बोलणे पुसटसे कळते. कडुबांची पावले हलत नव्हती.

"काका, तिला चोखताच येत नाय."

"व्हय का? कालेजात सापाचे गाल मोजायला लावतेत जणू."

त्यांनी निवाडा ठरवला. दुपारी मला दूध द्यायचे. प्यायले, तर मारायचे. पंचमीला गारुड्याचा नाग दूध पिताना त्यांनी स्वतः पाहिला होता.

"त्याला आधी तहानेला ठेवतेत, काका. तहानेलं जनावर काय बी पिईल. दुधाशेजारी पाण्याची वाटी ठेवा, मग बघा."

पाणी आणायला द्वारकाबाई स्वतः उठल्या.

माझ्या अंगाला स्वतःची ऊब नाही आणि घामही नाही. बाहेर जितके तापते, तितकी मी तापते. दुपारपर्यंत कामट्यांच्या फटींतून ऊन आत उतरले होते. दोन वाट्या आत सरकल्या. कडुबांनी दुधाची वाटी काठीने माझ्या तोंडाशी लोटली. आम्ही वास घेतो तो जिभेने. दुभंगलेली जीभ मी दोन्ही वाट्यांवरून फिरवली आणि टाळूशी नेली. एकच वाटी असती, तर मी दूध प्यायले असते, हे कबूल करते.

मी पाणी प्यायले.

काठी गोठ्याच्या दाराला टेकवून कडुबा म्हणाले, "सोडा, वैनी. पर लांब सोडा."

तनुजाने मला ओढ्यापलीकडे सोडले. चार दिवसांनी मी चाळीत परतले. उंदीर इथेच आहेत. तेव्हा कळले, मला नेले त्याच्या दुसऱ्या सकाळपासून गाय पूर्वीइतकेच दूध देते आहे. तनुजाने कास पाहिली, चारा पाहिला, वासराचे दावे तपासले. कारण तिला सापडलेले नाही. मलाही ते ठाऊक नाही.

कडुबांची काठी अजून गोठ्याच्या दाराला टेकलेली आहे.